दोन बोटांची फट

आमच्या ओव्हनचं दार दोन वर्षं नीट लागत नव्हतं. वर शेगडी, खाली ओव्हन अशी ती रेंज मी लालबागची चाळ पडून टॉवरमध्ये घर मिळालं तेव्हा हौसेने घेतली. दार खाली उघडणारं, जाड काचेचं. ते वरच्या बाजूने दोन बोटं उघडंच राहू लागलं.

उपाय मी कमी केले नाहीत. रबर साबणाच्या पाण्याने पुसलं, दिसतील ते स्क्रू पिळले. एकदा तर परकराच्या नाडीने दार बांधून नानकटाई केली. वरून करपली, खालून कच्ची. त्याआधीच मी गुन्हेगार शोधून ठेवला होता. माझी आई.

आई ओट्याशी उभी राहायची नाही. रेंजसमोर जमिनीवर पाट टाकून, विळी घेऊन बसायची. तिथेच खोबरं खवायचं, तिथेच कोलंबी सोलायची, आणि उठताना ओव्हनच्या हँडलचा आधार घ्यायचा. दार बिघडल्याचं दिसलं त्या दिवशी मी तिला म्हणाले, "दाराला लोंबकळतेस, म्हणून गेलं ते. हा काय चाळीतल्या जिन्याचा कठडा आहे?"

दुसऱ्या दिवशी आईची विळी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेली. तिने ती शेजारणीकडून चढवून घेतली होती, मला सांगितलंसुद्धा नाही. त्यानंतर आई स्वयंपाकघरात बसली नाही. जेवण तिच्या खोलीत, पलंगावर. मला तेव्हा बरंच वाटलं, पायात येणारं माणूस कमी झालं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

पुढे तिचे गुडघे आखडले. डॉक्टर म्हणाले, वापर थांबला की असंच होतं. पलंगावरून संडासापर्यंत वॉकर, तेवढंच तिचं चालणं उरलं. मी मनात म्हणायचे, वय झालं. वयाच्या माथी काहीही मारता येतं, ते उलटून बोलत नाही.

गेल्या महिन्यात फटीतून येणाऱ्या वाफेने वरची बटणं मऊ पडायला लागली, तेव्हा कुठे मी मेकॅनिक बोलावला. माझ्याच वयाचा, शांत माणूस. मी दारातच त्याला कारण सांगून टाकलं, म्हातारं माणूस हँडल धरून उठायचं म्हणून. त्याने हँडल हलवून पाहिलं.

"हे तर घट्ट आहे, मॅडम. हँडलवर जोर आला असता तर आधी हे ढिलं झालं असतं."

मग त्याने दार उतरवून पेपरवर आडवं ठेवलं, दोन्ही बिजागऱ्या बाहेर काढल्या आणि लागोपाठ दोन शिंका दिल्या.

"मसाला आहे आत. उघड्या दारावर काहीतरी जड ठेवलेलं दिसतंय. दोन्ही बिजागऱ्या सारख्याच वाकल्यात बघा."

त्याच्या बोटांना लाल पूड लागली होती. बघायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी डंकावरून वर्षाचा मसाला कुटून आणला होता. कुटलेला मसाला गरम असतानाच बरणीत भरला की घाम सुटून खराब होतो, तो आधी पसरून निववावा लागतो. ओट्यावर जागा नव्हती. मी ओव्हनचं दार उघडून त्यावर मोठी परात ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून दाबून मसाला वरखाली केला. हे मी विसरले नव्हते. फक्त परातीचा आणि दाराचा संबंध मी जोडला नाही. जोडायचाच नव्हता.

नव्या बिजागऱ्या बसल्या. दार गपकन लागलं, फटीत कागदही सरकेना. मेकॅनिक गेल्यावर मी स्टुलावर चढून विळी खाली काढली, पाट मांडला आणि आईच्या खोलीत गेले.

"आई, दार तुझ्यामुळे नव्हतं गेलं. मसाल्याच्या परातीने गेलं. मी ठेवलेली. चल, बस तिथे. उठताना हँडल धर, लोंबकळ हवं तर."

ती आली. वॉकर सोडून तिने ओट्याला हात लावला, गुडघे वाकवून पाहिले. अर्ध्यावर अडकली. मी काखेत हात घालून तिला सरळ केलं.

"आता नाय जमाचा गो," ती म्हणाली. मग नव्या दाराकडे पाहत म्हणाली, "परात ठेवलंस तेव्हा मी हयच बसललंय."

मला रडू यायला हवं होतं, पण माझा स्वभाव असा, रागच आला. "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"मी काय बोलतलंय? घर तुझा."