ओडीलची झाकलेली टोपली

ओडील म्हाताऱ्यांचे आवाज दक्षिणेतल्या विद्यापीठाला विकते, अशी आवई आमच्या उत्तरेकडच्या बर्फाळ गावात उठली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. मी फक्त "विकत असेल का?" एवढंच विचारलं होतं, दुकानात, पाच-सहा जणींसमोर. आणि ती विकत नव्हतीच. उलट, पूर्वी एक दाढीवाला आमच्या बायकांची गाणी टेपवर भरून घेऊन गेला होता, त्या टेपा परत मिळवायला हिनेच अकरा वर्षं पत्रं लिहिली. टेपा आल्या तोवर गाणाऱ्या साऱ्या मातीखाली गेल्या होत्या. पण दाढीवालाही चहा पिताना असाच गोड हसायचा, म्हणून मी हिच्यावर नजर ठेवून होते.

शेजारीण म्हणून तिचं सगळं मला ठाऊक. सहाव्या वर्षी तिला मिशनच्या शाळेत नेलं. परत आली तेव्हा तिची आजी आमची देने भाषा बोलायची आणि ही इंग्रजीत रडायची. पुढे विशीत, बाळ पाठीला बांधून, दारोदार शब्द मागत हिंडली. तीस वर्षं शाळेत पोरांना देने शिकवली. दोनदा कौन्सिलवर निवडून आली. दोन्ही वेळा मी तिलाच मत दिलं आणि बाहेर येऊन 'छे, तिला कोण देतंय' म्हणून सांगितलं.

गेल्या सप्टेंबरात तिने तळ्याकाठच्या जागांची नावं गोळा करायला घेतली. नकाशावर सगळी साहेबांची नावं. आपली जुनी नावं येणारी एकच उरली होती, एक्क्याण्णव वर्षांची फिलोमेन आजी. ती गेली की नावं गेली.

ओडील रेकॉर्डर आणि प्रश्नांची यादी घेऊन तिच्याकडे गेली. एवढी शिकलेली बाई, आणि ही चूक! आमच्यात थोरांना प्रश्नामागून प्रश्न विचारणं म्हणजे त्यांची गचांडी धरणं. शेजारी बसावं, हात चालवावा. सांगायचं तेव्हा ते सांगतात.

फिलोमेन आजी धूरघरात, म्हणजे धुरावर मासे सुकवायच्या खोपटात, मासे वाळत घालत होती. "कुणासाठी नेतेस गं?" तिने विचारलं. दाढीवाल्याच्या टेपेवर आजीच्या बहिणीचाही आवाज गेला होता. उत्तराची वाट न बघता तिने ओडीलच्या हातात सुरी दिली.

तेव्हापासून ओडील रोज संध्याकाळी फडक्याने झाकलेली टोपली घेऊन, मान खाली घालून घरी जायची. नक्की टेपा! पाचव्या दिवशी मी साखर मागायच्या निमित्ताने गेले आणि फडकं उचललं. मासे. म्हणजे, एके काळचे मासे. नुसत्या चिंध्या.

"कुत्र्यांना आहेत," ती पुटपुटली.

"कुत्री तरी तोंड लावतील का?"

"मग तुझ्यासाठी काढून ठेवते की!"

तरी माझा संशय गेला नाही. लपवण्यासारखं काही नसतं तर फडकं कशाला?

बाराव्या दिवशी मी धूरघरामागे सरपण वेचत होते. तिथे सरपण नसतं, ही गोष्ट वेगळी. आत आजी म्हणाली, "हा बरा कापलास." मग हातातला मासा कुठल्या वळणावर सापडला ते तिने सांगितलं, त्यापुढचं बेट सांगितलं, वसंतात बर्फ कुठे दगा देतो ते सांगितलं, प्रत्येक जागेचं नाव घेऊन. ओडीलने चकार शब्द काढला नाही. मी भिंतीच्या फटीतून पाहिलं. यंत्र खिशातच होतं.

शेवटी आजीच वैतागली. "ते तुझं यंत्र लाव की आता! मी काय परत जन्माला येणारे सांगायला? पण गावाबाहेर नेलंस तर बघ."

चौसष्ट नावं निघाली. गावाच्या सभेत ओडीलने नवा नकाशा भिंतीवर लावला. माझ्याने राहवेना. उठून विचारलं, "हे सगळं ठीक आहे गं, पण ही नावं आता कुणाची? आजीची, कौन्सिलची, की तुझी?"

काहींनी माना डोलावल्या, आजीनेही माझ्याकडे वळून पाहिलं. ओडीलने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "ज्याच्या तोंडी आहेत त्याची. तुला किती येतात?"