आमचा स्वतंत्र सोल गायक

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कानाला त्रास देणारे गायक पैशाला पासरी मिळतील, पण आमच्या या मित्राइतक्या मनापासून त्रास देणारा दुसरा झाला नाही. ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं ठाण्याच्या एका कारखान्यात शेजारशेजारच्या लेथवर होतो. तो खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. हजेरीपटावर टर्नर, पण कोणी विचारलं की सांगायचा, "मी स्वतंत्र सोल गायक." सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, प्रार्थनेतून आलेलं, काळीज बाहेर काढून गायचं गाणं, हे ज्ञान मला त्याच्याकडूनच मिळालं, तेही न मागता. 'स्वतंत्र' म्हणजे काय ते मात्र विचारावं लागलं नाही. त्याच्यासोबत वाजवायला कोणी तयारच नव्हतं.

बोटीवर खलाशी असलेल्या चुलत्याने आणलेली एक कॅसेट हे त्याचं गुरुकुल. तिचं कव्हर हरवलेलं, त्यामुळे गाणारी कोण हे त्याला कधीच कळलं नाही. तो तिला नुसतं 'बाई' म्हणायचा आणि म्हणताना कानाच्या पाळीला हात लावायचा. घरचा टेपरेकॉर्डर बॅटरीवर चालायचा, आणि बॅटऱ्या पार मेल्याशिवाय बदलायच्या नाहीत असा तिथला नियम. परिणामी तीन वर्षं हा शिष्य बाईंचं गाणं निम्म्या वेगात शिकला. एका रविवारी डोंबिवलीला माझ्या घरी त्याने तीच कॅसेट विजेवर लावली, तर बाई तुरुतुरु गायला लागल्या! आता हा खचणार म्हणून मी पाणी आणायला उठलो. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमच्या डोंबिवलीत आलं की सगळ्यांनाच घाई होते रे." पुढेही तो निम्म्याच वेगात गात राहिला. कल्याणच्या एका गणपती मंडळाने त्याला एक गाणं म्हणायला बोलावलं, तर त्याने ते इतकं लांबवलं की शेवटी लोकांनी आरती सुरू केली. त्याला वाटलं, पब्लिक कोरस देतंय.

त्याच्यावर दुसरा प्रभाव होता तो त्याच्या आईचा, पण तो तसं कबूल करत नसे. त्याची आयस कोळीवाड्यातली धवलारीण. लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीची गाणी, म्हणजे धवले, म्हणणारी मानाची बाई. ती गायला बसली की भटजीसुद्धा गप्प बसायचे. लेकाच्या गाण्याबद्दल तिचं मत एका वाक्याचं होतं, "यो गाना हाय का पोटान दुखतंय?" हा चारचौघांत हसायचा. पण एकदा कँटीनमध्ये चहावरची साय बोटाने बाजूला करत म्हणाला, "आयस एकदा बरा हाय बोलली ना, मग बाकी कोणी नाय ऐकला तरी चालेल."

मग त्याने स्वतःच्या गाण्यांची कॅसेट काढली. कॅसेट कंपनीच्या दारात जायचं नाही असं व्रत, म्हणून रेकॉर्डिंग माझ्या घरी. खिडक्यांना गोधड्या लावल्या, बायकोला स्वयंपाकघरात कोंडलं. दुसऱ्या गाण्यात कुकरच्या तीन शिट्ट्या आल्या. पुन्हा घेऊ म्हटलं तर आमचे गायकसाहेब म्हणाले, "आत्मा दोनदा गात नाय." सोल म्हणजे आत्म्याचं गाणं असं त्याने समजावलं, तर कल्याणच्या दुकानदाराने 'आत्मा' एवढंच ऐकलं आणि कॅसेट भजनांत ठेवली. एका आजोबांनी ती परत आणून दिली. यात देव कुठेच येत नाही आणि आत्मा फार ओरडतो, अशी त्यांची तक्रार होती. आयसने ती पूर्ण ऐकली, उठली आणि मासे साफ करायला गेली.

नव्वदच्या पुढेमागे आयसच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. त्याच वर्षी त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी बोलावलेली दुसरी धवलारीण आलीच नाही. मांडवात बायका वाट्या घेऊन खोळंबलेल्या, आणि आयस खाली मान घालून बसलेली. तेव्हा हा पुढे झाला. पुरुषाने धवले म्हणायचे, म्हणून पोरी फिदीफिदी हसल्या. शब्द आयसचे होते, चाल आयसची होती, आणि वेग याचा. त्यांच्या घरची रीत अशी की धवला संपेपर्यंत हळद लावणारा हात थांबवायचा नाही. धवला संपेना, त्यामुळे हळद थांबेना. कपाळ झालं, कान झाले, भांग झाला, वाट्या रिकाम्या झाल्या, शेजारून पुन्हा हळद आली. नवरी रडकुंडीला आली, मावशा पदरात तोंड लपवून हसत होत्या, आणि हा डोळे मिटून एकेक सूर ताणत होता. हळूहळू हसणं थांबलं. एक म्हातारी डोळे पुसायला लागली. मीही पुसले, उगाच खोटं कशाला सांगू?

शेवटी आयसने हात वर केला. आयुष्यात कोणी सांगितलं म्हणून न थांबलेला माणूस त्या हाताला थांबला. तिने त्याला जवळ ओढून कानाशी तोंड नेलं. मी शेजारीच होतो, म्हणून ऐकू आलं. "पोर बुरल हलदीन," हळदीत बुडायला आलेल्या नवरीकडे बघत ती म्हणाली. मग जरा थांबून, "तो मधला सूर लांबवलास तो मना शिकव."

तिच्या गळ्यातून आता काही निघणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि बारीक आवाजात तो सूर लावला. ती त्याच्या तोंडाकडे बघत नुसते ओठ हलवत राहिली. तिचे ओठ चुकले की तो थांबायचा, मान हलवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यायचा.