पलटणीच्या टांग्यातली फळी

वाचकहो, आपल्या मासिकात भुताखेतांचे जे अनुभव छापून येतात, ते मी जेवण झाल्यावर मुद्दाम वाचतो. हसलं की अन्न पचतं. गेल्या अंकात कुणा गृहस्थांना मुंब्र्याच्या डोंगराखाली पांढरी बाई दिसली म्हणे. वाळत घातलेलं धोतर असणार! त्याच्या आधीच्या अंकात एकाच्या चुलत्याला पिंपळावरून कुणीतरी नाव घेऊन हाक मारली. पिंपळाला दुसरी कामं नाहीत काय? असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि आजही नाही. तरी लिहायला बसलोय. कारण ज्याचं उत्तर मला देता येत नाही अशी एक गोष्ट माझ्याच अंगणात येऊन उभी राहिली, आणि दोन वर्षं झाली, ती डोक्यातून जात नाही.

मी कल्याणात राहतो, पारनाक्याजवळ. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून आहे. आंबिवलीला थोडी भातशेती, तिच्यासाठी घरी एक बैलजोडी — त्यातला एक आळशी आणि दुसरा त्याहून आळशी. मुलं तीन झाली, राहिली एक. गोदू. ती शीळ गावी दिलेली.

काबूलकडची लढाई संपल्यावर पलटणीचं जुनं सामान लिलावात निघालं. त्यातला एक टांगा मालगाडीच्या वाघिणीतून आमच्या धक्क्यावर उतरला. कुणा व्यापाऱ्यानं भंगार म्हणून घेतला होता, पण तो न्यायला फिरकलाच नाही. वर्षभर टांगा पावसात भिजला. शेवटी साहेबांनी धक्का मोकळा करायला काढला तेव्हा तो मी घरी आणला. रणातून जखमी शिपाई वाहून आणायचा टांगा हा. बैलांनाही जुंपता येतो असा. मागची बैठक उलगडली की माणूस लांब आडवा होईल एवढी जागा. हाकणारा पुढे, जखमी मागे, मध्ये एक उभी सागवानी फळी. फळीवर सरकारी बाणाचा शिक्का डागलेला. पण माझं सगळं लक्ष होतं ते खालच्या पोलादी कमानींवर. असल्या कमानी कल्याणात एकाही बैलगाडीला नाहीत. दगडावरून गेली तरी आतल्या माणसाच्या पोटातलं पाणी हलायचं नाही.

गोदूला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी. शीळ ते कल्याण हा रस्ता म्हणजे खड्ड्यांना मध्येमध्ये रस्ता लागलेला. आमच्या मंडळींनी, म्हणजे गोदूच्या आईनं, एका वाक्यात सांगून टाकलं होतं, "साध्या गाडीत घालून आणलीत तर पोर वाटेतच हातची जाईल." म्हणून टांगा. हौस म्हणून नव्हे. आळीतल्या रिकामटेकड्यांनी तसं उठवलं, त्यांना दुसरं सुचणार काय?

सबंध उन्हाळा मी अंगणात बसून त्या टांग्याचा गंज काढला. विटेची पूड आणि एरंडेल घेऊन कमानी घासल्या. चाकांच्या लोखंडी धावा नव्यानं चढवल्या. तळाच्या फळ्या सडलेल्या, त्यांवर काळे डाग. कसले ते सांगायला नको. त्या काढून सखाराम सुताराकडून नव्या घातल्या. सखाराम हा जगातला सर्वांत सावकाश सुतार. पण त्यानं एक गोष्ट बरी केली. पावसात लाकूड फुगतं म्हणून दर दोन फळ्यांत बोट जाईल एवढी फट ठेवली. धुवायला पाणी ओतलं की धाडकन खाली जमिनीवर. मधली उभी फळी मात्र मी जुनीच ठेवली. एवढं सागवान फेकून देणारा माणूस माझ्या घराण्यात अजून जन्मायचाय. टांग्याच्या पोटाखाली एका लोखंडी आकड्याला चामड्याची पाण्याची पिशवी लटकत होती, वाळून कडक झालेली. मंडळी म्हणाल्या, चामड्याचं पाणी ज्या गाडीला लागलं त्या गाडीत मुलगी घालणार? मला सोवळ्याओवळ्याशी कर्तव्य नाही, पण तिचा वास असह्य होता. पिशवी खाडीत गेली. आकडा राहिला.

आमच्या आळीत पलटणीतून पेन्शनीवर आलेले एक हवालदार आहेत. त्यांच्या सांगण्यावरून बघाल तर अर्धं काबूल त्यांनी एकट्यानं घेतलं आणि उरलेलं जेवणाची वेळ झाली म्हणून सोडलं. ते रोज काठी टेकत यायचे आणि माझ्या कामात खोड्या काढायचे. एकदा म्हणाले, "कारकून, ही फळी कशाला असते ठाऊक आहे का?"

"टेकायला."

"टेकायला! अहो, मागच्याला ओरडायची ताकद नसते. तो फळीवर ठोकतो. एक ठोका, थांब, पाणी पाहिजे. दोन ठोके, चल." मग तोंड कडू करून म्हणाले, "थांबायचं टांगेवाल्याच्या मर्जीवर."

मी म्हटलं, हवालदार, तुमच्या गोष्टींत आता फळ्याही बोलायला लागल्या.

त्यानंतर चारच दिवसांनी, भर दुपारी, कमानी कितपत लवतात ते बघायला मी पुढच्या बैठकीवर बसलो होतो. सखाराम मागे हातोडी-रंधा घेऊन. माझ्या पाठीशी फळीवर ठोका पडला. ठक्. मी न वळता म्हटलं, "सखाराम, हातोडी नीट चालव." उत्तर आलं गोठ्याकडून. तो तंबाखू मळत तिकडे उभा होता, आणि त्यानंही तो ठोका ऐकला होता. दुसऱ्या दिवसापासून त्याची कंबर दुखायला लागली, ती टांग्याचं काम संपेपर्यंत दुखली. मी सगळ्यांना सांगितलं, ऊन लागलं की लाकूड तडकतं, शाळेतल्या पोराला कळेल. मंडळींनी लिंबू बांधायचं म्हटलं. मी म्हटलं, लिंबाचं सरबत करा.

पुढे रिकाम्या टांग्यातून आंबिवलीला गेलो, तेव्हाही तेच. ठक्. आणि आमचे दोन ऐतोबा, जे माझ्या चाबकालाही दाद देत नाहीत, ते जागच्या जागी उभे! मी नव्या जोखडाला दोष दिला.

आता मुख्य गोष्ट. गोदूला सातव्यात आणायची ठरली होती. पण आमच्या विहीणबाई! आज काय तर गणपती, उद्या काय तर पितृपक्ष, परवा घट बसले. सून गेली तर नैवेद्याला हात कमी पडतील ना. आश्विन सरत आला तेव्हा निरोप आला तो हा — गोदूला तीन दिवस ताप आहे, घेऊन जा. म्हणजे कामाला येईनाशी झाल्यावर आमची आठवण. मी तडक टांगा जुंपला.

आत जाऊन पोर बघितली. ओठ फुटलेले, डोळे आत. पोट तेवढं वर आलेलं, बाकी गोदू कुठे दिसेचना. हाक मारली तर नुसती मान हलली. मागच्या बैठकीवर गादी घालून तिला निजवली. विहीणबाई सोबतीला तिच्या पायाशी बसल्या, आणि बसल्याबसल्या मला बजावलं, "व्याहीबुवा, वाटेत ती पाणी मागेल. द्यायचं नाही हं. वैद्यबुवांनी थेंब देऊ नका म्हटलंय. तापात गार पाणी पोटात गेलं की सन्निपात होतो."

यात मी विहीणबाईंना हसू शकत नाही. आमच्याकडेही तापात पाणी तोडतात. माझी आई तोडायची, तिची आई तोडायची. जगातल्या सगळ्या खुळांवर तोंड टाकणारा मी, या एकावर कधी टाकलं नव्हतं.

निघालो तेव्हा ऊन चढत होतं. आश्विनातलं ऊन, टाळू भाजणारं. गावाबाहेर पडतो न पडतो तोच पाठीमागे — ठक्. बैल थांबले.

"काय झालं, विहीणबाई?"

"मला काय विचारता? गाडी तुम्ही थांबवलीत."

हाकली. थोडं पुढे गेलो, पुन्हा ठक्. मी वळून फळीवरून बघितलं. विहीणबाईंचे दोन्ही हात जपमाळेत. गोदूचे दोन्ही हात पोटावर, मुठी वळलेल्या. फळीपाशी गोदूचं डोकं होतं आणि ते हलत नव्हतं. म्हटलं, ही बाई पायानं ठोकते की काय! विहिणींचा भरवसा कुणी द्यावा? पण पाय तिथवर पुरायचे नाहीत.

मानपाड्याच्या अलीकडे ठोका असा पडला की माझी पाठ झिणझिणली. आणि बैल जे उभे राहिले ते राहिलेच. चाबूक ओढला, शेपट्या पिरगळल्या, वडिलांनी शिकवलेल्या सगळ्या शिव्या देऊन झाल्या. हलेनात. शेजारी विहीर होती. एक आगरी बाई पाणी शेंदत होती. माझा तमाशा बघून ती जवळ आली, टांग्यात डोकावली आणि म्हणाली, "आगं बाय! काय झाला हिला? आवो दादा, बैलांना काय मारतंय? पोरीला पानी पाजा ना, कशी सुकलीय बगा!"

"शिवू नकोस गं गाडीला!" विहीणबाई कडाडल्या. "आणि पाणी वर्ज्य आहे तिला. त्यातून तुझ्या घागरीतलं!"

मला भीती वाटत होती, वाचकहो. उघड लिहितो. तिसरं मूलही जाणार, आणि माझ्या डोळ्यांदेखत या रस्त्यावर जाणार, असं वाटत होतं. आणि मला भीती वाटली की संताप येतो. वैद्याचा आला, विहिणीचा आला, बैलांचा आला, त्या ठोकणाऱ्या फळीचा तर सर्वांत जास्त. त्या बाईनं घागरीतून तांब्या भरून पुढे केला होता, तो मी घेतला. विहीणबाई म्हणाल्या, "व्याहीबुवा, तिला काही झालं तर मी जबाबदार नाही."

"तुम्ही कशाला कधी जबाबदार होता?" असं म्हणून मी गोदूची मान उचलली. पहिला घोट ओघळला. दुसरा गेला. मग तिनं माझं मनगट धरलं आणि तांब्या संपेपर्यंत सोडलं नाही. त्या बाईनं दुसरा भरून दिला. तोही प्यायली आणि म्हणाली, "बाबा, किती वेळ मागत होते... आवाजच निघत नव्हता."

"तूच ठोकत होतीस का?"

तिनं मानेनं नाही म्हटलं.

बैल तरीही हलेनात! तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. बाईनं तिसरा तांब्या माझ्यासाठी भरून दिला होता. तो घेऊन मी टांग्याच्या मागे गेलो, गोदूच्या गादीशेजारच्या मोकळ्या फळ्यांवर सगळाच्या सगळा उपडा केला आणि ओरडलो, "घे! तूही पी! पोट भरलं की सांग!" वेड्यासारखा ओरडलो. ती आगरीण तोंडाला पदर लावून हसली, आणि हसू नये तर काय करावं?

पाणी फळ्यांवर पसरलं, फटींत शिरलेलं मी पाहिलं, आणि सवयीनं पाय मागे घेतला — धोतरावर शिंतोडे नकोत म्हणून. शिंतोडे आले नाहीत. वाकून बघितलं. टांग्याखालची माती कोरडी, धुळीत माझ्याच पावलांचे ठसे. तळाच्या फळ्यांना खालून हात लावला. कोरड्या. त्या फटी मी स्वतः धुतल्यात शंभरदा, त्यांतून पाणी जातं कसं ते मला माहीत आहे. ते तांब्याभर पाणी गेलं कुठे?

मी वाकलेलाच होतो, तेव्हा वर फळीवर दोन ठोके पडले. हलके.

बैल माझी वाट न बघता चालू लागले. मला धावत जाऊन बैठकीवर चढावं लागलं.

कल्याणात पोचेस्तोवर गोदूला घाम सुटला होता. दवाखान्याच्या डॉक्टरांनी विचारलं, वाटेत पाणी कुणी दिलं? विहीणबाईंनी लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टर म्हणाले, बरं केलंत, आणखी तासभर तशीच ठेवली असती तर दोघंही गेली असती. विहीणबाईंनी ते बोट परत कुठे ठेवावं त्यांना कळेना. बारा-पंधरा दिवसांनी गोदूला मुलगी झाली. आता ती चालते, बोलते आणि आजोबांसारखीच चिडते, असं मंडळी म्हणतात.

हवालदारांना हे सगळं सांगितलं, तेव्हा ते आपली एकही शौर्यकथा न सांगता उठून गेले.

भूत होतं असं मी म्हणत नाही. भूत म्हणणाऱ्यांनी मला पत्र लिहून टपालाचं तिकीट वाया घालवू नये. लाकूड तडकलं म्हणणाऱ्यांनीही नको, मी ते वर्षभर म्हणून पाहिलंय. पाणी कुठे गेलं ते ठाऊक असेल तर तेवढं लिहा. मला विचाराल तर माहीत नाही. मला एवढंच वाटतं की गोदूच्या आधी त्या जागी कुणीतरी आडवा पडला होता, घसा कोरडा, आणि फळीवर ठोकत होता. आणि पुढे बसलेला टांगेवाला माझ्यासारखाच असणार. तिरसट. थांबला नसणार.

खालच्या लोखंडी आकड्याला आता मी मडकं टांगतो. ते भरल्याशिवाय बैल जुंपत नाही. आळीतले लोक हसतात, आणि ते बरोबरच आहे, मीही हसलो असतो. मडकं भरलेलं असलं की फळी कधी वाजत नाही. एकदा घाईत विसरलो, तर दारातून बाहेर पडायच्या आतच ठक्. मी खाली उतरलो, आणि मंडळींच्या हाकेला ज्या स्वरात ओ देतो त्याच स्वरात म्हटलं, "हो, हो, भरतोय. जरा दम धर."