लालचंदशेठ समुद्र दाखवायला निघाले

लालचंदशेठ आयुष्यात किमान चारशे वेळा सुरतेला गेले असतील आणि समुद्र त्यांनी एकदाही बघितला नव्हता. धुळ्यात आग्रा रोडवर त्यांचं साड्यांचं दुकान, आणि भिंतीला भिंत लावून माझं मोटार रिवाइंडिंगचं. बत्तीस वर्षांचा शेजार. महिन्यातून एकदा हा माणूस बसने सुरतेच्या कापड मार्केटात जायचा, गठ्ठे बुक करायचा आणि तसाच परत यायचा. समुद्र तिथून वीस किलोमीटरही नाही. मी एकदा म्हटलंही, शेठ, जरा पलीकडे जाऊन या. तर म्हणे, "तिकडे साड्या मिळतात का?" असल्या माणसापुढे काय डोकं फोडायचं!

तसा माणूस गोड. मारवाडी घर, पण तिसरी पिढी धुळ्यातली, त्यामुळे गिऱ्हाईक खेड्यावरून आलं की शेठच्या तोंडून अशी अहिराणी निघायची की मीसुद्धा ऐकत राहायचो. "अक्का, हाऊ रंग बठ्ठास्ले नही शोभत, तुले शोभस." सगळ्यांना न शोभणारा रंग आपल्याला शोभतो म्हटल्यावर अक्का खूश, साडी पिशवीत. फक्त दुकान बंद ठेवायचं म्हटलं की शेठ विषय बदलायचे. त्या घरात फिरायला जाणं म्हणजे बळसाणेच्या जैन देरासरात दर्शन, नाहीतर पहाटे उठून लळिंगचा किल्ला, आणि दहाच्या आत शटर वर.

त्यांचा एकुलता मुलगा रोनक लहानपणी दर सुट्टीत समुद्र मागायचा. शेठ म्हणायचे, दिवाळीनंतर जाऊ. दिवाळीनंतर म्हणायचे, परीक्षा होऊ दे. पोरगं मोठं झालं, मागायचं थांबलं, दुकानात बसलं, आयुषीशी लग्न झालं, जिनल झाली. आणि तीन वर्षांपूर्वी डेंग्यूच्या तापात सात दिवसांत रोनक गेला. तेव्हा जिनल दीड वर्षाची होती.

पुढचं शेठनी केलं ते मी तरी केलं नसतं, खरं सांगतो. सव्वीस वर्षांची सून घरात बसवून ठेवायची नाही म्हणून स्वतः स्थळ शोधायला निघाले. समाजात कुजबुज झाली, शेठाणी धनकुंवरभाभी आठ दिवस बोलल्या नाहीत, तरी हटले नाहीत. चेन्नईचा अर्पित सापडला. भांड्यांचा व्यापार, पहिली बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्याने एकच गोष्ट सांगितली, "जिनलला मी माझीच म्हणून वाढवीन." शेठ पेढे घेऊन माझ्या दुकानात आले. मुलगा चांगला होता, भला होता. पुढे सगळा त्रास झाला तो त्याच्या या भलेपणाचाच.

कारण पोर आता त्याचीच होणार होती. लग्न महिन्यावर आलं तसं शेठचं गिऱ्हाइकांकडे लक्ष लागेना. एक दिवस माझ्या काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "आबा, साडेचार वर्षांच्या पोरीला मोठेपणी काय आठवतं?"

माझ्या हातात जळकी मोटार होती, डोकं तापलेलं होतं. मी म्हटलं, "मला तर त्या वयातलं काही आठवत नाही." बोललो आणि जीभ चावली. पण त्यांचा चेहरा पडायचा तो पडलाच.

दोन दिवसांनी पुन्हा आले. आता डोक्यात काहीतरी पक्कं करून. म्हणाले, "रोजचं विसरतं माणूस. पण एखादी मोठी गोष्ट पहिल्यांदा बघितली तर राहते की नाही? चेन्नईत समुद्र आहे. अर्पित नेणारच. त्याच्या आधी मी नेतो. पहिला समुद्र तिला माझ्याबरोबरचा आठवू दे. बाकी सगळं गेलं तरी चालेल."

इतकंच मागणं होतं माणसाचं. मीच सांगितलं, डुमसला जाऊ, सुरतेजवळ, माझी गाडी आहे, एका दिवसात जाऊन येऊ. हे मीच सांगितलं हे मला विसरता येत नाही.

दिवस मिळाला तो शेवटचा. त्याच संध्याकाळी सात वाजता आयुषीचे भाऊ तिला आणि जिनलला न्यायला मालेगावहून येणार होते, लग्न तिकडे माहेरी होतं. भर लग्नसराईत, शनिवारी, शेठनी शटरला कुलूप लावलं. पहाटे पाचला आम्ही निघालो. मी, शेठ, भाभी आणि मांडीवर जिनल. भाभींनी पुऱ्या, खाखरे आणि उकळून गार केलेल्या पाण्याच्या सहा बाटल्या घेतल्या होत्या. जिनलला नवा पिवळा फ्रॉक. कोंडाईबारीच्या घाटात तिने त्यावर उलटी केली, भाभींनी दुसरा घातला. जिनल माझ्या नातीबरोबर दोन्ही दुकानांत हुंदडत वाढलेली, तिची बोली आमचीच. नवापूर येईपर्यंत ती एकच विचारत होती, "दादू, समुद्र किती मोठा?" आणि शेठ हात पसरत होते. गाडीत जागा पुरेना तेव्हा एक हात खिडकीबाहेर काढला.

साडेदहाला पोचलो. गाडी लावली, भज्यांच्या गाड्यांमधून पुढे गेलो आणि उभे राहिलो.

पाणी नव्हतं.

चिखल होता. नजर जाईल तिथपर्यंत काळा, ओला, चकाकणारा चिखल. त्याच्या पार टोकाला एक पांढुरकी रेघ, ती पाण्याची की उन्हाची तेही कळेना. जिनलने नीट बघितलं आणि म्हणाली, "दादू, ही तर पांझरा."

आमच्या धुळ्याची नदी. आठ महिने अशीच असते.

कणसं भाजणाऱ्या एका बाईला मी विचारलं. ती हसून म्हणाली, "अत्यारे ओट छे, भाई. पाणी सांजे आवशे." ओहोटी! भरती-ओहोटी मी शाळेत पाठ केली होती, चंद्रासकट. पण पाणी रोज उठून कोसभर आत निघून जातं आणि त्याची वेळ बघून घरून निघायचं असतं, हे आम्हा खानदेशातल्या लोकांना कोण सांगणार! आमच्याकडे पाणी एकतर असतं नाहीतर नसतं. मोबाइलवर रस्ता बघितला, टोल बघितला, पाणी आहे का ते काही बघितलं नाही. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

शेठनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, जिनलला खांद्यावर घेतलं आणि चिखलात उतरले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे गेलेले. पाय पोटरीपर्यंत आत जात होता, ते तो उपसून पुढे टाकत होते. मी ओरडत मागे. माझी एक चप्पल तिथे गेली ती गेलीच. किनाऱ्यावरचा पहारेकरी शिट्ट्या मारायला लागला, पुढे जाऊ नका, पाणी मागून वळसा घेऊन येतं, माणसं अडकतात. शेठ ऐकेनात. शेवटी एका खळग्यापाशी थांबले. परातभर पाणी होतं त्यात.

"बघ जिनू, हा समुद्र."

जिनल वरून वाकून बघत म्हणाली, "दादू, हे डबकं आहे."

"समुद्राचंच आहे गं. चाख, खारट लागतं." त्यांनी बोट बुडवून तिच्या ओठाला लावलं. ती थुंकली आणि रडायला लागली. चिखल फ्रॉकवर, केसांत, आणि तिला मम्मी पाहिजे होती. पहारेकऱ्याने येऊन शेठच्या दंडाला धरलं आणि आम्हाला परत आणलं. शेठ शाळेतल्या पोरासारखे त्याच्यामागून आले. भाभींनी प्यायचं पाणी ओतून पोरीचे पाय धुतले आणि धुता धुता त्याही रडल्या.

एक वाजता आयुषीचा फोन आला. "बाबूजी, किती वाजेपर्यंत पोचाल? भाऊ सातला येतायत."

मी म्हटलं, "शेठ, सांगा त्यांना, उद्या सकाळी या म्हणावं. पाणी पाच-सहाला येणार. इतकं आलोय तर बघू दे पोरीला." मला तर रागच आला होता. एका रात्रीने कोणाचं काय बिघडणार होतं?

त्यांनी मान हलवली. "नही आबा. त्यास्ले वाटी, म्हातारानं मन फिरनं." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि फिरेल हो. अजून एक दिवस राहिली तर खरंच फिरेल."

दोन वाजेपर्यंत आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो. भाभी पुरीचे तुकडे जिनलच्या तोंडात घालत होत्या आणि शेठ त्या रेघेकडे डोळे लावून होते. मधेच मला म्हणायचे, "थोडी जवळ आली का?" आली नव्हती. मी म्हटलं, आली असेल.

परतताना व्यारा मागे पडून सोनगड येईस्तोवर घड्याळात साडेचार झाले. तिकडे आता पाणी किनाऱ्याकडे निघालं असेल, असं माझ्या मनात आलं. गाडीतल्या सगळ्यांच्याच मनात आलं असणार, कारण भाभीही मागच्या काचेतून बघत होत्या. जिनल शेठच्या मांडीवर झोपली होती. सात वाजून दहा मिनिटांनी, झोपलेलीच, त्यांनी तिला तिच्या मामाच्या हातात दिली. पायाच्या बोटांमध्ये काळा चिखल वाळलेला होता. शेठ म्हणाले, "अंघोळ घाला हां तिला."

लग्न नीट पार पडलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी दुपारी मी त्यांच्या दुकानात चहा पीत बसलो होतो, तेव्हा चेन्नईहून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर जिनल, केस उडतायत, मागे निळंशार पाणीच पाणी.

"दादू! दादू! आज मी पहिल्यांदा समुद्र बघितला! पप्पांनी दाखवला!"

मला राहवलं नाही. मी पुढे वाकलो, "अगं, पहिल्यांदा कसा? तू दादूबरोबर..."

शेठनी माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट की चहा सांडला. डोळे फोनवरच, आणि चेहऱ्यावर हसू.

"हो का गं?" ते म्हणाले. "मग सांग ना मला, कसा असतो?"

ती सांगत राहिली. लाटा कशा येतात, पाण्याखालून वाळू कशी पळते, पप्पांनी कसं उचललं. आणि हा माणूस एकेक प्रश्न विचारत होता. खोल असतो का? आवाज येतो का? तुला भीती नाही वाटली? गादीसमोर दोन बायका साड्या उलगडून थांबल्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. दहा मिनिटांनी जिनल म्हणाली, पप्पा बोलावतायत, आणि फोन बंद झाला.

माझं मनगट मात्र त्यांच्या हातात तसंच होतं. मीही ते सोडवून घेतलं नाही.