मामांचा सब्जा आणि न आलेली तारीख

वसंतातल्या लावणीसाठी तुम्ही बी आणता, खत आणता, खुरप्याला धार लावता. पण आपण कुठल्या पावसासाठी वाफा खणतो आहोत, हे कधी स्वतःला विचारलं आहे का? माझ्या मामांनी विचारलं नव्हतं. मातीवर इतकं प्रेम करणारा आणि मातीचं इतकं कमी ऐकणारा दुसरा माणूस वाळवंटातल्या या सगळ्या बेर्शेबा गावात सापडणार नाही.

मामा मूळचे अलिबागकडचे. उमेद मुंबईच्या एका गिरणीच्या कोठीत गेली, आणि यहुद्यांच्या या नव्या देशात आल्यावर इस्पितळाच्या कोठीत चादरी सांभाळायचं काम मिळालं. तरी कुणी धंदा विचारला की ते ‘बागाईत’ म्हणून सांगत. ही बागाईत म्हणजे आमच्या सरकारी इमारतीच्या मागची पिवळट मातीची एक पट्टी. पहिल्या वसंतात मामांनी तिथे कोकणातल्यासारखे उंच गादीवाफे घातले, मधून चर काढले, का तर पावसात मुळं कुजू नयेत. इथला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि वसंत लागला की संपतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण हातांना ठाऊक नव्हतं. बादलीने घातलेलं पाणी वाफ्यावरून घसरून चरात उतरे आणि दिमाखात शेजारच्या खड्ड्यात निघून जाई. वांगी उभी वाळली. वरच्या मजल्यावरची मोरोक्कोची शेजारीण हा सोहळा रोज बघत होती. शेवटी खाली येऊन, मामांइतक्याच मोडक्या हिब्रूत, ती म्हणाली, “पाणी पळतंय तुझं. त्याला बसायला जागा दे.” मामांनी मला मराठीत ऐकवलं, “आमच्याकडे पाण्याला बसायला जागा देतो त्याला वेडा म्हणतात.” पुढच्या वर्षी मात्र त्यांनी सगळे वाफे जमिनीच्या खाली खणले. सगळे म्हणजे, कोपऱ्यातला एक सोडून. तो उंचच ठेवला, रिकामा. पाऊस आलाच तर म्हणून.

तेव्हापासून फुकटचा सल्ला देणं हे त्यांचं व्रत झालं. बसची वाट पाहणाऱ्या अनोळखी माणसालाही ते मुठीत माती दाबायला लावत. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर फुटला, तर खणा. चिकटून राहिला, तर घरी जा. वाळवंटातल्या बेदुइन धनगरांच्या बाजारातून आणलेल्या बकरीच्या लेंड्या ताज्या घालू नका, हिवाळाभर कुजवा. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी वरचा पापुद्रा खुरप्याने फोडा, नाहीतर ही माती भाकरीसारखी कडक होते, आणि मग वर पेंढा पसरा. बोलत असताना हात चालू असे. रोपांशी ते मराठीत बोलत आणि तणाशी हिब्रूत. हिब्रूत आपल्याला नुसते हुकूमच देता येतात, असं त्यांचं म्हणणं.

पण त्यांचा जीव होता सब्ज्यात. आम्हा कोकणातल्या यहुद्यांत कुठलंही शुभकार्य निघालं की प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा होतो. गोड पोह्यांचं ताट, फळं, आणि आशीर्वाद म्हणून हुंगायला सब्ज्याची डहाळी. ते बी मामांनी रुमालाच्या गाठीत बांधून बोटीतून आणलं होतं. रिबका, त्यांची मुलगी, इस्पितळात परिचारिका आहे. तिचं लग्न रुमानियाहून आलेल्या घरातल्या मुलाशी ठरलं, तेव्हा मामांनी सगळ्यात आधी सब्ज्याचा वाफा भिजवला.

लग्न नोंदवायला दोघं रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या कचेरीत गेले, तर रिबकाची आई, तिची आई, तिचीही आई कोण, त्या खऱ्या यहुदी कशावरून, याचा पुरावा मागण्यात आला. हा प्रश्न मुलाकडच्यांना कुणी केला नाही. आम्हाला केला. शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांच्या लेकरांना केला. रिबका घरी आली, बापाने मराठीत विचारलं त्याला तिने हिब्रूत उत्तर दिलं, “अबा, एन तारीख.” लग्नाला तारीख नाही. मामांना एवढं हिब्रू येत होतं. ते मागच्या दाराने बागेत गेले.

मी गप्प बसणारी नव्हे. मी या अटीविरुद्ध सह्या मागणारी पत्रकं लिहून छापून घेतली, मराठीत आणि हिब्रूत, आणि गठ्ठे मामांच्या घरी ठेवले. त्याच आठवड्यात वाळवंटातला तापलेला वारा सुटला. दुपारी येऊन बघते तो गठ्ठा निम्मा, आणि सब्ज्याच्या प्रत्येक कोवळ्या रोपावर कागदाची टोकदार टोपी, कडेला दगड लावलेली. माझा न्याय, माझी समता, सगळी वाफ्यात उभी! मी संतापून खूप बोलले. मामा उकिडवे बसून पुढची टोपी वळत होते.

“रोप जळलं तर मलिद्याला काय तुझा कागद हुंगायचा, गो बाय?”

मग मला दिसलं की प्रत्येक टोपीची छापलेली बाजू बाहेर होती, हिब्रू वर. मोरोक्कोची शेजारीण वाफ्यापाशी वाकून अक्षरं लावत होती. वाचून झालं तशी ती मामांना म्हणाली, “उद्या माझ्या मुलाला आणते. तो सहीही करेल.” मी वाटलेली पत्रकं किती जणांनी वाचली, देव जाणे. ही वाचली गेली.

सब्जा वाचला, घमघमला, फुलला. तारीख आली नाही. मामांनी बी धरलं आणि पुढच्या वसंतात पुन्हा पेरलं. कशाला, असं रिबकानेच विचारलं. ते म्हणाले, “उद्या तारीख येईल, आणि सब्जा नाही म्हणून माझ्या पोरीचा मलिदा अडायला नको.”

यंदा त्यांचे गुडघे वाकत नाहीत. मागच्या दारात खुर्ची टाकून ते बसतात आणि त्या उंच, रिकाम्या वाफ्याकडे बघत राहतात. वेडेपणा म्हणून मी त्याला किती हसले होते. आता हसवत नाही. काही माणसं न आलेल्याची तयारी मोडत नाहीत, एवढंच.

म्हणून तुम्हाला मागणं आहे. तुम्ही किर्यात मलाखी गावात असा, नाहीतर दूर एलात बंदरात असा, थंडी सरली की माती मुठीत दाबून बघा, एक खोल वाफा करा आणि त्यात सब्जा पेरा. बी बारीक असतं, वर माती अगदी चिमटीनेच भुरभुरा. बी नसेल तर मामांकडे मागा. ते माझ्याच पत्रकाच्या पुडीत बांधून देतील. पुडी फेकू नका, वाचा, शेजाऱ्याला द्या. आणि तारीख आली असं कानावर आलं, की रिबकाच्या मलिद्याला एक एक डहाळी घेऊन या.