पाचच्या आत हरायचं

गाद्यांच्या कारखान्यात पुढे कितीतरी दिवस कुजबुज चालली होती, की शिलाई खात्यातला टाचणी पत्ते खेळताना रडण्याचं सोंग करतो. डोळ्यांत पाणी आणायचं, समोरच्याला वाटावं याच्या हातात काही नाही, आणि मग गपकन गिळायचं. कुणी म्हणे, बोटांना कांदा चोळून आला होता. भांडारातल्या बाईंनी तर वाससुद्धा घेतला म्हणे. आता त्या बाईंना वास येत नाही हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक. पण ऐकीव गोष्टीत एवढं कोण बघतं!

टाचणी म्हणजे उंच, सडपातळ माणूस, वर छोटंसं गोल टक्कल. नाव आपोआप पडलेलं. एकोणीस वर्षं गाद्यांच्या कडा शिवतोय. बोलणं मोजकं, चेहरा कोऱ्या उशीसारखा. त्या चेहऱ्यावरच मुकादम भाळला. कारखान्याच्या वार्षिक खेळांत पोकरची स्पर्धा होती, आणि जिंकणाऱ्या खात्याला नवी शेड मिळणार होती. खिडक्या असलेली! शिलाई खात्यात खिडकी नावाची चीज नव्हती. दिवसभर कापसाचा भुगा नाकात. टाचणीच्या शेजारच्या मशीनवरच्या मावशी तर बोलायच्या कमी नि खोकायच्याच जास्त.

"आपल्या खात्याची जोडी अशी: एका टेबलावर तू, पलीकडच्या टेबलावर कापड कापणारा कातरवाला," मुकादम म्हणाला. "तुझ्या थोबाडावरून तुझ्या बायकोला काही कळत नाही, तर तुझ्या टेबलावरच्या त्या हिशेबनिसाला काय कळणार!"

घोडं अडलं ते वेळेवर. खेळ तीनला, आणि लेकीची गाडी पाचला. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरी निघाली होती. टाचणीला ते पसंत नव्हतं, म्हणून त्यानं अकरा दिवस तिच्याशी अबोला धरलेला. सकाळी ती दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, पाचची गाडी आहे. येणार असाल तर या." हा आपला बूट पुसत बसला. ती आत गेल्यावर बायको म्हणाली, "ते तोंड काय नुसतं जेवायला दिलंय? निदान गाडीपाशी येऊन तरी उघडा."

त्यानं मनाशी ठरवलं: झटपट हरायचं, चारच्या आत सटकायचं, आणि गाडी सुटण्याआधी लेकीशी बोलायचं. मध्येच उठून जायची सोय नव्हती. पहिल्या तीन फेऱ्या संपायच्या आत कुणी आपणहून उठला, तर त्याचं सगळं खातं बाद. डावावर लावायच्या चकत्या, म्हणजे चिप्स, संपल्या तर मात्र तो एकटाच बाद, जोडीदार खेळत राहतो. फोन दारातच डब्यात जमा झालेले.

टेबलाला सहाच जण. माणसं कमी, म्हणून पानं न बघता चिप्स टाकायची सक्तीची पाळी पुन्हापुन्हा येते. चांगल्या पानांची वाट बघत बसणाऱ्याचं भागत नाही. टाचणीला भागवायचं होतं कुठे? पहिल्याच डावात त्याला बदामची सत्ती आणि इस्पिकची दुर्री आली. याहून भिकार पानं शोधून सापडायची नाहीत. त्यानं सगळ्या चिप्स पुढे लोटल्या.

टेबल गार पडलं. पहिल्याच डावाला सगळं लावून घरी कोण जाईल? पाचही जणांनी पानं टाकली.

दुसऱ्या डावाला तेच. तिसऱ्याला तेच.

"आज हा घरी भांडून आलेला दिसतोय," रंगखात्यातला रंगारी म्हणाला. "वाटेत येऊ नका रे कुणी."

चौथ्या डावाला पुन्हा सत्ती-दुर्री. टाचणीनं पुन्हा सगळं लोटलं. हिशेबनिसाकडे दोन बादशहा होते. "बास झाली तुझी दादागिरी, टाचण्या!" म्हणत त्यानंही सगळं लावलं. टाचणीला त्याला मिठी मारावीशी वाटली. मधली, सगळ्यांची सामाईक पानं उघडत गेली: एक सत्ती, एक दुर्री, आणि शेवटी आणखी एक सत्ती. तीन सत्त्या नि दोन दुर्र्यांपुढे बादशहा आडवे झाले. हिशेबनीस साडेतीनलाच बाहेर पडला. त्या बिचाऱ्याला तर कुठे जायचंही नव्हतं. टाचणी त्याच्या पाठीकडे बघतच राहिला.

आता खरी पंचाईत. त्याच्यापुढे इतरांच्या दुप्पट चिप्स. एका डावात सगळं घालवायचं म्हटलं तरी तेवढं घ्यायला समोर कुणी नव्हता. तो लावायचा, बाकीचे पानं टाकायचे. तो पानं टाकायचा, तेव्हा चिमूटभर जायचं. थोडंसंच लावून बघितलं, तर रंगारी हसला, "मला बोलावतोयस होय? मी नाही फसत!" आणि त्यानंही पानं टाकली.

सव्वाचार. साडेचार. टाचणी अर्धा उठला. खुर्चीमागून मुकादमानं खांदा दाबला. "लघवी असेल तर दाब. खिडक्या, टाचण्या, खिडक्या!"

टाचणीला मावशींचा खोकला आठवला. तो खाली बसला. भिंतीवरचा काटा पुढे सरकत होता. पाच वाजले, आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळू लागलं.

"आलं बघा नाटक," रंगारी म्हणाला, आणि हातातली एक्क्यांची जोडी टाकून मोकळा झाला.

तिसरी फेरी पाच वीसला संपली.

ते नाटक नव्हतं, कांदाही नव्हता. पाचची गाडी पाचला सुटली, लेक तिच्यात होती, आणि टाचणी तिच्याशी बोलला नव्हता. म्हणून तो रडत होता.