नवी प्रत झाली की जुनी फाडायची

आमच्या नाटक कंपनीत मी तीस वर्षं सासवा केल्या. सुनांना छळून छळून टाळ्या घेतल्या. पण ज्याच्यामुळे माझं एकही वाक्य अडलं नाही, तो माणूस प्रेक्षकांना कधीच दिसला नाही. विंगेत स्टुलावर बसलेला, गुडघ्यावर वही, हातात लहानशी बॅटरी. तो आमचा प्रॉम्प्टर. आम्ही सगळे त्याला कुजबुजे म्हणायचो. हळू बोलायची इतकी सवय, की लग्नाला होकार देतानाही याने तो कानातच दिला, असं त्याची बायको हसून सांगायची. ती आमची नायिका. पाच वर्षांपूर्वी गेली.

कुजबुजेचा एक कडक नियम होता. नवी प्रत झाली की जुनी फाडायची. त्याला कारण मीच. एका नाटकात लेखकाने माझं मरण दुसऱ्या अंकातून उचलून तिसऱ्यात नेलं. माझा नाटकातला मुलगा मात्र जुनी प्रत पाठ करून आला. मी ठणठणीत उभी, आणि हा माझ्या पायांशी पडून हंबरडा फोडतोय! काय करणार? मेले. तिसऱ्या अंकात पुन्हा मेले. दुसऱ्या मरणाला टाळ्या जास्त पडल्या, ही गोष्ट वेगळी. पण त्या दिवसापासून एका छपराखाली दोन प्रती राहू द्यायच्या नाहीत, हे त्याने व्रतासारखं पाळलं.

तेच परवा त्याच्या अंगाशी आलं.

सकाळी फोन वाजला. "ताई, वह्या गेल्या."

"जरा मोठ्याने बोल रे."

"गेल्या. सगळ्या. वरच्यासुद्धा."

दोन गल्ल्या ओलांडून, कुरकुरणारा गुडघा ओढत मी त्याच्याकडे पोहोचले. हा पलंगाच्या कडेला, मोबाइल दोन्ही हातांत धरून, नापास झालेल्या पोरासारखा बसलेला. हळूहळू सगळी कथा बाहेर आली.

आमच्या सात नाटकांच्या वह्या याच्याकडे होत्या. त्यांना कसर लागली, म्हणून चार महिन्यांपूर्वी याने मोबाइलवर पानन् पान टिपलं. सहाशे फोटो. झाली नवी प्रत! वह्या रद्दीत गेल्या. मग मोबाइल भरला. सुनेने ते फोटो क्लाउडवर चढवले आणि म्हणाली, "बाबा, आता सगळं वर सुरक्षित आहे." म्हणजे पुन्हा नवी प्रत. याने मोबाइलमधले सहाशेच्या सहाशे फोटो पुसून टाकले.

"अरे कर्मा! कशाला?"

"दोन झाल्या होत्या ना, ताई."

आणि आज त्याला एक पान पाहायचं होतं, तर ते वरही कुठे सापडेना. तिसऱ्या नाटकाचा दुसरा अंक. त्याच्या समासात बायकोने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'इथे मी अडखळते, जरा मोठ्याने सांगा.' जन्मभर दोघं एकाच कंपनीत, एकाच गाडीत, एकाच खोलीत. पत्र लिहायची वेळच आली नाही. "तिने मला लिहिलेलं एवढंच आहे," तो म्हणाला.

मी पदर खोचला. "वर म्हणजे नक्की कुठे? माळ्यावर?"

"ते मलाही कळलेलं नाही. मला वाटलं, वर माझ्यासारखाच कुणीतरी वही घेऊन बसला असेल. मी खालची पुसली तरी त्याच्याकडची राहील."

मला हे अगदी पटलं. आम्ही सुनेच्या खोलीतला कॉम्प्युटर उघडून त्या वरच्या माणसाला गाठायचं ठरवलं. कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला. तो सुनेलाच ठाऊक, आणि ती दवाखान्यात नोंदी ठेवण्याच्या कामावर, मोबाइल बंद. चारपर्यंत आम्ही दोघं त्या बंद पडद्यासमोर बसून राहिलो. इतका वेळ पडदा न उघडलेलं नाटक मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याने चहाही घेतला नाही.

दार वाजताच मी माझा ठेवणीतला आवाज काढला. "सूनबाई!"

"मावशी, आधी चप्पल तरी काढू द्या."

तिने ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अहो बाबा, वर कुणी बसलेलं नसतं. दूर कुठेतरी मोठमोठ्या इमारती आहेत, त्यांत हजारो कॉम्प्युटर. आपले फोटो तिथे. तुमचा मोबाइल आणि हा कॉम्प्युटर त्यालाच जोडलेले. एकीकडे पुसलं की सगळीकडे पुसलं जातं."

"मग ती दुसरी प्रत नव्हतीच?"

"नव्हती. एकच वही, तिघांनी धरलेली. पान फाडलंत की तिघांच्याही हातातून गेलं."

"मग सुरक्षित कशाला म्हणालीस?"

"मोबाइल हरवला, फुटला, तर सुरक्षित. तुम्हीच पुसा म्हणालात तर ते बिचारं तुमचंच ऐकणार."

"माझ्या नाटकातल्या सुनांसारखं," मी म्हटलं. ती हसली नाही.

"बाबा, पुसून किती दिवस झाले? पुसलेलं तीस दिवस कचरापेटीत राहतं. मग कायमचं जातं."

कुजबुजेने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. एका चौकोनात लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'प्रत बदलली.' मी घाईघाईने मोजले, पस्तीस भरले. सुनेने बोट ठेवून सावकाश मोजले. "मावशी, तुम्ही आदल्या आठवड्यापासून सुरू केलंत. अठ्ठावीस."

तिने कचरापेटी उघडली. इवल्या चौकोनांत सहाशे पानं पडून होती. तिने एकच बटण दाबलं आणि ती रांगेने परत येऊन उभी राहिली, शेवटच्या नमस्काराला सगळी कंपनी येते तशी.

कुजबुजेने ते पान शोधलं. बोटांनी मोठं केलं. आणि वाचलं, "इथे मी अडखळते, जरा मोठ्याने सांगा." खणखणीत आवाजात. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जाईल असं. इतक्या वर्षांत त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

सुनेने डोळे पुसले आणि कामाला लागली. सगळी पानं पेन ड्राइव्हवर घेतली, ते एक पान कागदावर छापून त्याच्या हातात दिलं. त्याने कागद पाहिला, मग पेन ड्राइव्ह पाहिला. मग त्याचा अंगठा हळूच मोबाइलकडे सरकला.

"नाही!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

"पुसत नाही गं, फक्त विचारतोय," तो पुन्हा कुजबुजायला लागला. "आता तीन झाल्या. मग फाडायची कुठली?"

सून माझ्याकडे बघायला लागली. तीस वर्षं रंगमंचावर मी कुणाला शेवटचा शब्द घेऊ दिला नव्हता. सवयीने मी विंगेकडे मान वळवली. पण सांगणारा तर समोरच बसला होता, आणि माझ्याच तोंडाकडे बघत होता.